उजव्या पायाचा अंगठा

यंत्र क्षणभर उशिरा थांबलं. खुर्चीत मान मागे टाकून, तोंडाचा आ करून बसलेल्या बाईंना ते कळलंही नसेल. कापसाच्या बोळ्यांनी त्यांचे गाल फुगले होते, डोळे गच्च मिटलेले होते आणि पोटावर धरलेल्या पर्सवर दोन्ही हात आवळलेले होते. पण डॉक्टरांना कळलं. दाढेतली कीड कोरून झाली, तसा त्यांनी सवयीप्रमाणे पेडलवरचा पाय उचलला. पाय उचलल्याचं पोटरीला कळलं, गुडघ्याला कळलं, आणि तरीही हातातलं ड्रिल फिरतच राहिलं. हात आपसूक बाहेर आला म्हणून बरं. त्यांनी खाली पाहिलं. क्लिनिकमध्ये घालायच्या रबरी चपलेतला उजवा पाय टाचेवर टेकून चवडा वर धरून होता, म्हणजे जसा असायला हवा तसाच. फक्त अंगठा आपल्या मर्जीने वाकून चपलेच्या पुढे खाली आला होता आणि पेडलची कड दाबून बसला होता. त्यांनी अख्खा पाय बाजूला ओढला. यंत्र थांबलं. बाईंनी बोळ्यांमधून काहीतरी विचारलं, ते बहुधा ‘झालं का?’ असावं. ‘झालंच,’ डॉक्टर म्हणाले आणि पलीकडच्या खुर्चीपाशी काम करणाऱ्या भाचीला त्यांनी हाक मारली. भाचीही दातांची डॉक्टर होती, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ‘एवढी दाढ तू भरून टाक,’ ते म्हणाले. ती लगेच आली. ‘दमलात का मामा? बसा तुम्ही. मी बघते सगळं,’ ती म्हणाली. हातमोजे तिने आधीच बदललेले होते. डॉक्टरांच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तेव्हा. आपण हाक मारायच्या आधीच हिने हातमोजे कसे बदलले?

तसं पाहिलं तर डॉक्टर संशयी नव्हते. म्हणजे निदान त्यांचं स्वतःबद्दल तसं मत होतं. दाताच्या डॉक्टरला संशयी राहून चालत नाही, तोंड उघडणाऱ्याने विश्वास ठेवायचा आणि आत डोकावणाऱ्याने तो सांभाळायचा, असं ते भाचीला शिकवत आले होते. पण क्लिनिकच्या जिन्यावरून पाय घसरून नडगीची दोन्ही हाडं मोडली आणि महिनोन् महिने घरात पडून राहावं लागलं, त्या काळात हा स्वभाव कुठल्यातरी फटीतून आत शिरला असावा. पडून राहिलेल्या माणसाला आवाज फार येतात. दार ओढून घेतल्याचा आवाज, फोनवर बोलता बोलता बायकोने स्वयंपाकघरात गेल्याचा आवाज, मग खालच्या पट्टीतलं बोलणं. क्लिनिक पुन्हा सुरू करून जेमतेम आठवडा झाला होता, आणि या आठवड्यात भाचीने ‘मी बघते’ हे किती वेळा म्हटलं असेल, याचा विचार करतच ते घरी आले. आल्याबरोबर न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून उजवा पाय दिव्याखाली धरला. नडगीवरचे व्रण भरून गुलाबी झाले होते. घोट्याला सूज नव्हती. पाय खाली सोडला की अंगठा शेजारच्या बोटांसारखाच शहाण्यासारखा सरळ. चवडा वर घेऊ लागलं की अंगठा हळूहळू वाकायला लागायचा, आणि पाय जमिनीशी काटकोनात आला की पेरापाशी मुडपून खाली टोचायचा. पुन्हा खाली सोडला, पुन्हा सरळ. त्यांनी हे कितीतरी वेळा करून पाहिलं. ‘अहो, पडलात की काय आत?’ बायकोने दार वाजवलं. ‘नाही, नखं कापतोय,’ डॉक्टर म्हणाले. आपण खोटं का बोललो, हे त्यांनाही कळलं नाही. बायको दाराबाहेर तशीच उभी राहिली. तिच्या सावलीने दाराखालची फट काळी झाली होती, ती बऱ्याच वेळाने उजळली.

अंगठा वाकवणारा स्नायू असतो पार वर, पोटरीच्या आत, हाडाला लगटून. त्याची दोरी म्हणजे टेंडन, ती घोट्यामागून वळसा घेत तळपायातून अंगठ्यापर्यंत जाते. हे डॉक्टरांना पहिल्या वर्षीच्या अभ्यासातलं अजून आठवत होतं. दोरी वर कुठेतरी अडकली असली, तर पाय वर घेतल्यावर ती अपुरी पडणार आणि अंगठ्याला खेचणार. वाळत घालायची दोरी खिळ्याला अडकली की टोकाचा टॉवेल वर चढतो तसं. एवढा हिशोब सरळ होता. प्रश्न होता तो अडकली कुठे आणि कोणी अडकवली, हा. नडगीत सळई घालून, वर-खाली स्क्रू पिळून हाड जोडलं होतं ते हाड्याने. हाड्या म्हणजे हाडांचा सर्जन, त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. पुढे कोण काय शिकणार हे ठरलं त्याच दिवशी दोघांनी एकमेकांचं बारसं केलं होतं, हाड्या आणि दात्या. तेव्हापासून केस पांढरे होईपर्यंत, पोरांची लग्नं होईपर्यंत तीच नावं. आईवडील गेले, थोरला भाऊ गेला, आणि या जगात डॉक्टरांना अरे-तुरे करणारा एवढा एकच माणूस उरला. बाकी सगळ्यांसाठी ते डॉक्टर होते, मामा होते, ‘अहो’ होते. तेव्हा पाय मोडल्यावर दुसऱ्या कोणाचं नाव तोंडात येणं शक्यच नव्हतं. ‘मला काही ऐकायचं नाही, बघायचं नाही. पार झोपव मला,’ त्यांनी हाड्याला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडात आयुष्यभर ड्रिल चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाडातल्या ड्रिलचा आवाज नको होता. हाड्या खदखदून हसला होता. आणि मग तोंडावर मास्क आल्यावर, दिवे विरघळायला लागल्यावर, त्यांनी हाड्याचा आवाज ऐकला होता. ‘तू सुरू कर, मी आलोच.’ कोणाला म्हणाला तो? त्याच्या हाताखालच्या पोराटोरांपैकी कोणाला तरी? की असं कोणी काही म्हणालंच नव्हतं, औषधाच्या गुंगीत त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं? कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, ते स्वतः भाचीला दिवसातून कितीतरी वेळा म्हणत असत.

एकदा हे वाक्य आठवलं आणि मग ते जाईना. दात घासताना, पेपर वाचताना, बायकोने विचारलेल्या प्रश्नाला ‘हं’ म्हणताना ते मागे बारीक आवाजात चालू राहिलं. रविवारी हाड्या नेहमीप्रमाणे बुद्धिबळ खेळायला आला. तो आला की घर भरायचं. चपला दारात उडवायच्या, ‘वहिनी, चहा’ म्हणून ओरडायचं आणि सोफ्यावर धपकन बसायचं. डॉक्टर पाय स्टुलावर टाकून बसले होते, कारण पाय वर ठेवा असं हाड्यानेच सांगितलं होतं. ‘काय म्हणतो आमचा पाय?’ हाड्याने विचारलं. आमचा पाय! त्याने पटावरची प्यादी मांडता मांडता एका हाताने अंगठा धरला. ‘हलव.’ डॉक्टरांनी हलवला. स्टुलावर टाच, चवडा पुढे झुकलेला, अंगठा सरळ. ‘खाली. वर. झकास. आता नाचायला लाग. काळी घेतोस की पांढरी?’ दर रविवारी असंच व्हायचं. सुरुवातीच्या तपासण्या सोडल्या तर दवाखान्यात जाणं झालंच नव्हतं. डॉक्टरने डॉक्टर मित्राकडे जाऊन केस पेपर काढायचा, बाकावर बसायचं, हे दोघांनाही अपमानासारखं वाटलं असतं. हाड्याच्या सगळ्या दाढा डॉक्टरांनी क्लिनिक बंद झाल्यावर, गप्पा मारत, त्याला शिव्या घालत भरल्या होत्या. आता त्यांनी अगदी सहज, सोंगटी हलवता हलवता म्हणावं तसं म्हटलं, ‘उभं राहिलं की जरा वाकतो रे.’ ‘म्हातारा झालास. सगळंच वाकणार आता,’ हाड्या म्हणाला आणि त्याने त्यांचा उंट मारला. बायको हसली. डॉक्टरही हसले. हसताना त्यांनी हाड्याकडे नीट बघून घेतलं.

आणि मग त्यांना दिसलं ते असं. बायकोने सफरचंद कापून ठेवलं होतं. हाड्याने फोड उचलली, तोंडात टाकली आणि ती जिभेने डावीकडे सारली. दुसरी फोडही डावीकडेच. चहाचा घोट घेताना मान किंचित डावीकडे कलली. उजवीकडची खालची दाढ, डॉक्टरांनी मनाशी नोंद केली, गार-गरम सोसत नाही, म्हणजे कीड आतपर्यंत गेलेली. चावायची सवय बदलायला काही दिवस नव्हे, काही आठवडे जावे लागतात. इतके आठवडे दाढ ठणकतेय आणि हा माणूस आपल्याला एका अक्षराने बोलला नाही! यापूर्वी नुसती शिवशिव झाली तरी तो फोनवर बोंब ठोकायचा. सोफा, चहा, पट सगळं जागच्या जागी होतं, पण डॉक्टरांची नजर त्या उजव्या गालावरून हटेना. तो येत नाही, कारण त्याला माहीत आहे की हा पाय पेडलवर ठेवण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. आणि पेडलचा प्रकार तर आपण कोणालाच सांगितलेला नाही. मग त्याला कसं माहीत? कारण त्या दिवशी आत काय झालं हे त्याला माहीत आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! हिशोब इतका चोख जुळला की डॉक्टरांना क्षणभर बरंच वाटलं. मागाहून बायको हाड्याला पोचवायला दारापर्यंत गेली, आणि दोघं दाराबाहेर जरा जास्तच वेळ रेंगाळली. ‘नाही, त्यांना काही बोलले नाही मी,’ एवढं एक वाक्य आत आलं. डॉक्टर पटावरच्या सोंगट्या डब्यात भरत होते, ते भरतच राहिले.

कोणापाशी बोलायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसऱ्या सर्जनला पाय दाखवावा तर गावभर झालं असतं. रागवावं तर कशावरून रागवावं? गुंगीत ऐकलेल्या एका वाक्यावरून, की सफरचंदाच्या फोडीवरून? क्लिनिकमध्ये ते भाचीच्या कामावर नजर ठेवून खुर्चीत बसून राहू लागले. पेशंटला तपासायचे, काय करायचं ते सांगायचे आणि म्हणायचे, ‘तू सुरू कर.’ पुढचं ‘मी आलोच’ मात्र आता त्यांच्या तोंडून निघत नसे. पायावरून मन काढावं म्हणून संध्याकाळी ते चालायला जायचे. चालताना पाऊल पुढे पडलं की अंगठा बुटाच्या तळाला टोचायचा, प्रत्येक पावलाला, कोणीतरी आतून खुणावत असल्यासारखा. रस्त्यावरची माणसं भराभर पुढे निघून जायची. एवढ्या माणसांचे एवढे अंगठे सरळ राहतात आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. त्यांना हाड्याची आठवण यायची. हे विचित्रच होतं, तो रविवारीच तर येऊन गेलेला असायचा. पण आठवण यायची ती कॉलेजातल्या हाड्याची, परीक्षेच्या आदल्या दिवशी यांना ताप चढला तेव्हा उशाशी बसून सगळा धडा मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याची. डोळे मिटून ते नुसतं ऐकत होते आणि पास झाले होते. तो जे वाचतोय तेच पुस्तकात लिहिलेलं आहे का, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता मात्र तो ‘झकास’ म्हणाला तरी त्यांना त्या शब्दाच्या मागे जाऊन बघावंसं वाटत होतं. हा माणूस आपल्या हातून जाणार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि पायापेक्षा त्यांना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

शेवटी एका सकाळी ते क्लिनिकला जायच्या ऐवजी सरळ हाड्याच्या हॉस्पिटलात गेले. कोणाला सांगितलं नाही. खिडकीपाशी रांगेत उभं राहून केस पेपर काढला, आणि प्लास्टर घातलेल्या, कुबड्या टेकलेल्या, गळ्यात हात अडकवलेल्या माणसांमध्ये बाकावर जाऊन बसले. त्यांचा बेत साधा होता. मित्र म्हणून तो बघत नाही, तर पेशंट म्हणून काय करतो ते बघायचं. चेहरा कसा होतो ते बघायचं. हाड्या कोणाचा तरी एक्स-रे उजेडाकडे धरत बाहेर आला, दोन पावलं पुढे गेला आणि मागे वळला. ‘दात्या? इथे काय बसलायस?’ ‘नंबर यायचाय माझा,’ डॉक्टर म्हणाले. बाकावरची माणसं दोघांकडे बघू लागली. हाड्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने त्यांच्या दंडाला धरलं आणि आत नेलं. ‘बूट काढ. मोजा काढ. टेबलावर नको, उभा राहा. भिंतीला हात लाव आणि गुडघा पुढे वाकव.’ डॉक्टरांनी वाकवला. पाय काटकोनात आला आणि अंगठा मुडपून फरशीत रुतला. हाड्या गुडघ्यांवर खाली बसला. इतका वेळ बसला की डॉक्टरांना त्याच्या डोक्यावरचं टक्कल तेवढं दिसत राहिलं. त्याने घोट्यामागे बोट दाबलं, मग वर, पोटरीकडे सरकत नेलं. एके ठिकाणी ते थांबलं. ‘कधीपासून आहे हे?’ ‘चालायला लागलो तेव्हापासूनच असणार. लक्षात आलं ते क्लिनिकमध्ये.’ ‘मला बोलला का नाहीस नीट?’ ‘तू विचारलंस का नीट?’

हाड्या खालीच बसून होता. ‘नाही विचारलं,’ तो म्हणाला. ‘सोफ्यावर बघत राहिलो गाढवासारखा. झोपलेल्या पायात हे दिसतच नाही. उभं केलं असतं तर पहिल्याच रविवारी दिसलं असतं. दुसऱ्या कोणाला मी उभं केल्याशिवाय सोडतो का?’ मग त्याने समजावून सांगितलं. हाड मोडलं त्या जागी स्नायूही फाटतो, भरताना कधी कधी हाडाला चिकटून बसतो. क्वचित होतं, पण होतं. घोट्यामागे छोटासा छेद घेऊन टेंडन थोडं लांबवलं की अंगठा सुटतो. डॉक्टर ऐकत होते. ऐकत असतानाच त्यांच्या तोंडून गेलं, ‘सळई कोणी घातली होती?’ ‘म्हणजे? मी.’ ‘सुरुवातीपासून? तू म्हणाला होतास, तू सुरू कर, मी आलोच.’ हाड्या उठून उभा राहिला. त्याने बराच वेळ आठवल्यासारखं केलं, निदान डॉक्टरांना तसं वाटलं. ‘म्हणालो असेन. पाय धुऊन औषध लावायचं असतं आधी, ते तो पोरगा करतो. मी तोवर हात धूत असतो. एवढे महिने हे डोक्यात घेऊन बसला होतास तू?’ सांगणं पटण्यासारखं होतं. डॉक्टरांना हल्ली पटण्यासारख्या गोष्टींचीच भीती वाटायची. त्यांनी आपलं शेवटचं हत्यार काढलं. ‘आणि उजवीकडची दाढ? ती दुखतेय ते का लपवलंस?’ हाड्याचा हात गालाकडे गेला. ‘कळलं होय तुला! लपवतोय कशाला? तू पडून होतास, नंतर बघितलं तर पाय सांभाळत कसाबसा क्लिनिकला जातोयस. वहिनींना म्हटलं त्याला सांगू नका, लगेच कामाला लागेल. तुझी भाची गुणी आहे, पण तुझ्याशिवाय कोणापुढे आ करायचा मी? गोळ्या खातोय. तू बरा झालास की येणारच होतो.’

डॉक्टर एका पायात मोजा, एका पायात काही नाही असे भिंतीला टेकून उभे होते. त्यांना लाज वाटली. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि लाजेच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की त्यांना रडूच आलं. ते आवरण्यासाठी त्यांनी वाकून बूट शोधल्यासारखं केलं. ‘दुसऱ्या कोणाकडे पाठवू का तुला?’ हाड्याने विचारलं. ‘मला राग नाही येणार. चूक माझी झालीय.’ ‘तूच कर,’ डॉक्टर म्हणाले. ‘नक्की?’ ‘नक्की रे बाबा. तूच.’ त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, अगदी न्हाणीघरातल्या नखांपासून. ‘तरी मी म्हणतेय, एका माणसाला नखं असतात तरी किती,’ ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसली. पुढचे काही दिवस डॉक्टरांना गाढ झोप लागली. भाचीलाही त्यांनी विचारून टाकलं, त्या दिवशी हातमोजे आधीच कसे बदलले होतेस? ‘माझा पेशंट संपला होता ना मामा,’ ती म्हणाली. एवढंच होतं. संशयाला कारण लागत नाही, नुसती जागा लागते, असं त्यांच्या मनात आलं, आणि आता आपल्याकडे ती जागा उरलेली नाही असंही वाटलं.

या वेळी झोपवायचं नव्हतं. ‘मधेच तुला अंगठा हलवायला सांगणार आहे, तेव्हा जागा राहा. घोट्यापासून खालचं सगळं बधिर होईल, त्यामुळे तुला स्वतःला काही कळणार नाही. मी सांगेन,’ हाड्याने सांगितलं होतं. छातीवर आडवी कांब लावून हिरवा पडदा सोडलेला होता. डॉक्टरांना दिसत होता तो पडदा आणि वरचा मोठा दिवा. आयुष्यभर आपल्या पेशंटना आपण हेच बघायला लावलं, असं मनात येऊन त्यांना गंमत वाटली. पलीकडे हत्यारं ट्रेमध्ये ठेवल्याचे आवाज येत होते. हाड्या गुणगुणत होता. पोटरीपाशी कुठेतरी ओढाताण चालल्याचं जाणवत होतं, त्याखाली पाय नव्हताच. ‘तू इथे धर,’ हाड्या कोणाला तरी म्हणाला. ‘हां सर,’ एक तरुण आवाज आला. हा तोच का, त्या दिवशीचा? असेल. डॉक्टरांनी विचार बाजूला सारला. तो विचार गेला, आणि पडद्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला. ‘दात्या, अंगठा हलव बघू,’ हाड्या म्हणाला. डॉक्टरांनी हलवला. म्हणजे हलवायचा हुकूम पाठवला. तो मांडीतून, गुडघ्यातून खाली गेला आणि अंधारात नाहीसा झाला. पलीकडून काहीच आवाज आला नाही. ‘पुन्हा हलव.’ पुन्हा हुकूम गेला. आता शांतता जरा लांबली. एवढा वेळ का लागावा? काहीतरी तुटलं तर नसेल? आणि मग हाड्याचा आवाज आला, उंच चढलेला, कॉलेजातल्या पोरासारखा. ‘हलला! पाय काटकोनात धरलाय मी, आणि अंगठा सरळ आहे, अगदी फूटपट्टीसारखा. दात्या, जिंकलो लेका!’

त्यांनी काहीतरी म्हणायला हवं होतं. एक शिवी घातली असती तरी पुरलं असतं, दोन माणसांच्या आयुष्यात त्या क्षणी तेवढंच लागत होतं. डॉक्टरांनी तोंड उघडलं. डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टरकडे त्यांनी मान वळवली आणि स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला, अगदी स्पष्ट, पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोचेल असा. ‘सिस्टर, खरंच सरळ आहे का हो?’

ट्रेमधले आवाज थांबले. सिस्टरने पडद्यावरून पलीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं. ‘हो डॉक्टर, सरळ आहे,’ ती हळूच म्हणाली. खोलीतलं कुठलं तरी यंत्र ठराविक अंतराने वाजत होतं, ते आता मोठ्याने वाजतंय असं वाटू लागलं. गुणगुणणं परत सुरू होईल म्हणून डॉक्टर थांबले. ते झालं नाही. ‘हाड्या,’ त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने, ‘अरे हाड्या, मी आपलं उगीच...’

पडद्यापलीकडून उत्तर आलं. आवाज शांत होता, त्यात राग नव्हता. बाकावर नंबर लावून बसलेल्या कोणाशीही तो इतक्याच नीटपणे बोलला असता.

‘टाके घालतोय, डॉक्टर. हलू नका.’

डॉक्टर हलले नाहीत.